पापणीचा भाव

भाऊबीजेला बहीण सांगलीला आली, तेव्हा इचलकरंजीला दिलेली तिची मुलगीही सोबत होती. ओवाळणी झाली, दिवस मावळण्यापूर्वी जेवणे आटोपली आणि मी ओसरीवर येऊन बसलो. भाची जवळ आली आणि म्हणाली, "मामा, एक व्यवहाराचे विचारायचे आहे. मी लॅश एक्स्टेंशनचा कोर्स पूर्ण केला. घराच्या पुढच्या खोलीत काम सुरू करते आहे. दर किती ठेवू?"

लॅश एक्स्टेंशन म्हणजे काय, हे आधी मलाच तिला विचारावे लागले. तिने समजावून सांगितल्यावर मी चाळीस वर्षांच्या दुकानदारीच्या आत्मविश्वासाने उत्तर दिले. "अगं, तू नवी आहेस. गावातल्या दराच्या निम्म्याने सुरुवात कर. कमी नफा, जास्त उठाव. गिऱ्हाईक एकदा जोडले की भाव पुढे आपोआप वाढतो."

या सदरातून मी अनेकदा इतरांच्या चुकांविषयी लिहिले आहे. या महिन्यात स्वतःच्या चुकीविषयी लिहीत आहे. तो सल्ला मी विचार न करता दिला होता. त्याची किंमत भाचीने मोजली आणि तिच्यापेक्षाही अधिक एका परक्या मुलीने मोजली.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज एखादी सून, मुलगी किंवा भाची असेच काही शिकत असेल. कोणी नखांची कला शिकते, कोणी मेंदी, कोणी केशरचना, तर कोणी केक. पिढ्यान्‌पिढ्या माल विकणाऱ्या घरांत हातांचे काम विकणारी ही पहिलीच पिढी आहे. ती दर विचारायला आपल्याकडेच येते, कारण भाव ठरवणे हे आपले घरचे शास्त्र, असा तिचा समज असतो. म्हणून हा जमाखर्च सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. माणसाच्या वरच्या पापणीला साधारण शंभर ते दीडशे केस असतात. गिऱ्हाईक डोळे मिटून निजते. खालच्या पापणीवर जेलचे पॅच लावून ती झाकली जाते. मग एका चिमट्याने एक नैसर्गिक केस वेगळा धरायचा, दुसऱ्या चिमट्याने कृत्रिम केस उचलून त्याचे टोक गोंदात बुडवायचे आणि तो कातडीपासून किंचित अंतर राखून त्या एका केसावर बसवायचा. एका केसावर एक, अशा या साध्या प्रकाराला क्लासिक म्हणतात. अधिक बारीक केसांचे छोटे पंखे करून बसवले, तर त्याला व्हॉल्यूम म्हणतात. कृत्रिम केसाची जाडी मिलिमीटरच्या भागांत मोजतात. क्लासिकसाठी बहुधा ०.१५ आणि व्हॉल्यूमसाठी ०.०७ किंवा त्याहून बारीक केस वापरतात. दोन केस एकमेकांना चिकटले, तर नैसर्गिक केस वाढताना ओढला जातो आणि गळतो. सरावलेला हात दोन ते अडीच तासांत दोन्ही डोळे पूर्ण करतो. नवशिक्या हाताला साडेतीन तास लागतात. तेवढा वेळ मान वाकवून, श्वास आवरून बसायचे.

गोंदाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी कथा त्याच्याभोवती फिरते. हा गोंद सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा असतो आणि हवेतील दमटपणाने घट्ट होतो. बाटली एकदा उघडली की महिना-दीड महिन्यात त्याची पकड उतरू लागते. मग त्यातून पाच डोळे झाले असोत की पन्नास. काही जणींना या गोंदाची ॲलर्जी असते. ती ओळखण्यासाठी एक-दोन दिवस आधी दोन-चार केस लावून पाहण्याची चाचणी घ्यावी लागते. तिला पॅच टेस्ट म्हणतात. म्हणजे गिऱ्हाइकाला दोनदा यावे लागते आणि काम करणारीला दोनदा वेळ द्यावा लागतो.

भाचीने माझा सल्ला शिरोधार्य मानला. माहेरच्या दोन बांगड्या मोडून तिने ६०,००० रुपये उभे केले होते. कोर्सला २५,०००, साहित्याला १५,००० आणि बेड, खुर्ची, दिवा यांना २०,००० रुपये लागले. पूर्ण सेटचा दर तिने ७०० रुपये ठेवला. गावातील चालू दराच्या निम्म्याहूनही तो कमी होता. लग्नसराई होतीच. गिऱ्हाईक आले आणि भरपूर आले. सासरचे भुसार मालाचे दुकान अलीकडे थंडावले होते. त्यामुळे सुनेच्या खोलीबाहेर चपला दिसू लागल्या, याचा सासऱ्यांनाही आनंद झाला. बहिणीचा फोन आला, "दादा, तुझा सल्ला लागू पडला." मीही मनात सुखावलो.

माघ महिन्यात एका सकाळी भाचीचा फोन आला. तिचा आवाज रडवेला होता. भावाच्या लग्नासाठी पापण्या करून घेतलेली एक मुलगी सकाळी उठली ती सुजलेल्या, लाल डोळ्यांनी. डोळे उघडता येत नव्हते. भाचीने पहिली गोष्ट योग्य केली. ती स्वतः तिला घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे गेली. डॉक्टरांनी ॲलर्जीचे निदान केले, केस काढवून घेतले आणि औषध दिले. डोळे आठ दिवसांत पूर्ववत झाले, दृष्टीला काही झाले नाही. पण ती मुलगी सख्ख्या भावाच्या लग्नात काळा चष्मा लावून एका कोपऱ्यात बसून राहिली. तो दिवस तिला परत मिळणार नाही.

मी इचलकरंजीला गेलो. भाचीला एकच विचारले, "चाचणी घेतली होतीस का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पहिल्या महिन्यात सगळ्यांची घेत होते, मामा. पण चाचणीला अर्धा तास जातो आणि बाईला दोनदा यावे लागते. सातशे रुपयांत ते परवडेना. मग फक्त विचारायचे ठरवले, 'तुम्हाला कसली ॲलर्जी आहे का?' त्या नाही म्हणायच्या. आणि खरे सांगू? गोंदाची बाटलीही दोन महिन्यांपूर्वीची होती. पकड कमी झाली म्हणून मी तो जरा जास्त लावत होते."

त्या क्षणी मला माझ्या सल्ल्याचा अर्थ कळला. मी तिला भाव कमी ठेवायला सांगितले होते. पण भाव कमी झाला की खर्च कुठून तरी भरून काढावाच लागतो. तो तिने अशा ठिकाणाहून भरून काढला, जिथे गिऱ्हाइकाची नजर पोहोचत नाही. डोळे मिटून निजलेल्या बाईला बाटली कधीची आहे ते दिसत नाही. न घेतलेली चाचणी तर डोळे उघडे असतानाही दिसत नाही. आपण दुकानदार मापात पाप करू नये, असे मुलांना शिकवतो. इथे माप गिऱ्हाइकासमोर नव्हतेच. ते काम करणारीच्या मनात होते, आणि ते हलके करायला मीच तिला भाग पाडले होते.

दुपारी आम्ही वही घेऊन बसलो. पुढील आकडे तिच्या वहीतील आहेत. प्रत्येक घरी, प्रत्येक गावी ते वेगळे असतील. रीत मात्र तीच राहील.

ती म्हणाली, "महिन्याला सरासरी वीस सेट होतात. १४,००० रुपये येतात. साहित्य, गोंद, वीज आणि किरकोळ खर्च वजा जाता साडेसात हजारांच्या आसपास उरतात." तिचा हिशेब होता तो असा: केस, पॅच, टेप, ब्रश वगैरे साहित्य दर सेटला १५० प्रमाणे ३,०००, गोंदाची एक बाटली ९००, वीज १,५००, धुलाई, निर्जंतुकीकरण, फोन असे किरकोळ १,०००. एकूण ६,४०० रुपये, आणि शिल्लक ७,६००.

मी विचारले, "ही खोली आधी काय होती?" ती खोली पूर्वी एका शिकवणीवाल्याला ४,००० रुपये महिन्याने दिलेली होती. म्हणजे ते भाडे आता बुडाले. घरची जागा फुकट असते, हा आपल्या घरांतला जुना भ्रम आहे. मग विचारले, "बांगड्यांचे ६०,००० कधी परत येणार?" त्याचा विचार झालेलाच नव्हता. दोन वर्षांत मुद्दल वसूल व्हावे, असे धरले तर महिन्याला २,५०० रुपये बाजूला पडायला हवेत. खर्च झाला १२,९०० रुपये. वीस सेटच्या १४,००० रुपयांतून हाती उरले १,१००.

आता तास मोजले. रोज ५ तास आणि महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १२५ तास. त्यातले ७० तास प्रत्यक्ष पापण्यांवर, कारण वीस सेट आणि दर सेटला साडेतीन तास. उरलेले साफसफाई, चिमटे निर्जंतुक करणे, फोनवरची उत्तरे आणि वाट पाहणे यांत जात. ११०० भागिले १२५ केल्यावर तासाला नऊ रुपयेही येत नव्हते. हा आकडा मी मोठ्याने वाचला नाही. तिने स्वतःच तो वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

कापडाच्या दुकानात "कमी नफा, जास्त उठाव" हे सूत्र खरे ठरते, कारण एक साडी विकायला दहा मिनिटे लागतात. गर्दी वाढली तर गादीवर आणखी दोन माणसे बसवता येतात. आज न विकलेली साडी उद्याही कपाटात शिल्लक असते. हातांच्या कामात यातले काहीच लागू होत नाही. गिऱ्हाईक दुप्पट झाले तरी हात दोनच राहतात आणि दिवसाचे तास तेवढेच राहतात. आज रिकामा गेलेला तास उद्या विकता येत नाही. तिथे उठाव वाढला की थकवा वाढतो आणि थकलेला हात सर्वांत आधी काळजी सोडतो. माल विकणाऱ्याने हातांच्या कामाला सल्ला देताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. मी तो ठेवला नव्हता.

मात्र व्यापारी घराची एक शिकवण इथे पुरेपूर उपयोगी पडते. माल घरात कितीला पडला, हे ठाऊक असल्याशिवाय आपण ठाण उघडत नाही. तसेच एक सेट आपल्याला कितीला पडतो, हे ठाऊक असल्याशिवाय चिमटा हाती घेऊ नये. आम्ही दोन आकडे काढले.

पहिला आकडा आजच्या हाताचा. खर्च १२,९००. तिच्या श्रमाचे महिन्याला १५,००० धरले, म्हणजे तासाला १२० रुपये. बेरीज २७,९००. त्यावर एक दशांश आणखी, कारण एखादा सेट पुन्हा करून द्यावा लागतो आणि एखादी वेळ वाया जाते. एकूण सुमारे ३०,७००. वीस सेटनी भागले की एका सेटला १,५३५. तो पूर्ण करून १,५५० रुपये धरला.

पण भाचीने रास्त शंका काढली. "मामा, मला साडेतीन तास लागतात, कारण माझा हात नवा आहे. त्याचा भार गिऱ्हाइकाने का सोसावा?" मला हा प्रश्न फार आवडला. म्हणून दुसरा आकडा सरावलेल्या हाताचा काढला. सेटला अडीच तास लागले, तर त्याच ७० तासांत २८ सेट होतील. साहित्याचा खर्च वाढून एकूण १४,१०० होईल. श्रमाचे १५,००० आणि वरचा दशांश मिळून सुमारे ३२,०००. अठ्ठावीसनी भागले की १,१४३. तो धरला १,१५० रुपये.

या दोन आकड्यांमध्ये नवशिकीचा भाव असतो. वरचा आकडा, १,५५०, हा तिचा छापील दर. गावात चौकशी केली, तेव्हा अनुभवी हातांचे दर याहून पुढेच निघाले. त्यामुळे तो अवाजवी नव्हता. खालचा आकडा, १,१५०, हा शिकाऊ काळातील सवलतीचा दर. या दराने वीस सेट केले तर खर्च वजा जाता १०,१०० उरतात. तासाला सुमारे ८० रुपये पडतात. पूर्ण मोबदला मिळत नाही. पण ती उणीव म्हणजे तिने स्वतःच्या शिक्षणासाठी दिलेली फी आहे, आणि ती तिनेच सोसणे न्याय्य आहे. १,१५० च्या खाली मात्र जायचे नाही. त्याच्या खाली गेलेला प्रत्येक रुपया शेवटी बाटलीतून, चाचणीतून किंवा निर्जंतुकीकरणातून वसूल होतो.

सवलत द्यायची तर ती कशी द्यावी, यालाही रीत आहे. भाचीने ७०० हाच आपला भाव म्हणून जाहीर केला होता. लोकांच्या मनात तिची किंमत ७०० अशी नोंदली गेली. त्याऐवजी पावतीवर मूळ दर १,५५०, शिकाऊ काळातील सवलत ४००, देय १,१५०, असे तीन ओळींत लिहावे आणि सवलत कोणत्या तारखेपर्यंत आहे, तेही लिहावे. आपण नव्या आहोत, हे त्यातून गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे कळते. तारीख संपली की भाव वाढल्याची तक्रार राहत नाही. सवलत संपली, एवढेच होते. पुढे हात वेगवान झाला आणि १,५५० दराने २८ सेट होऊ लागले, तर १४,१०० खर्च वजा जाता हाती २९,३०० उरतात. कौशल्याची खरी कमाई अशी वाचलेल्या वेळातून येते.

उरलेला दरफलक आम्ही याच पायावर बांधला.

कृत्रिम केस नैसर्गिक केसाच्या वाढीसोबत पुढे सरकतात आणि त्याच्यासोबतच गळतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी भर घालावी लागते. तिला रिफिल म्हणतात. पुष्कळ जणी रिफिलचा दर सवयीने निम्मा ठेवतात. आम्ही तो वेळेवर ठरवला. दीड तासाचे काम असेल, तर छापील दराच्या हिशेबाने सुमारे ९५० आणि सवलतीच्या हिशेबाने ७०० रुपये. निम्म्याहून कमी केस उरले असतील, तर ते रिफिल नव्हे, तो नवा सेटच. दुसरीकडे केलेले काम काढून द्यायचे असेल, तर त्या वेळेचे पैसे वेगळे. व्हॉल्यूमला वेळ अधिक लागतो, म्हणून त्याचा दर अधिक.

चाचणीचे वेगळे पैसे नाहीत. तिचा अर्धा तास दरातच धरलेला आहे. चाचणी नाकारणाऱ्या बाईला नम्रपणे परत पाठवायचे. डोळे आलेले असतील, पापणीला सूज असेल, नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यांनाही. नाही म्हणण्याची ऐपत भावातच धरलेली असावी लागते. ज्याचा दर अगदी काठावर असतो, त्याला कोणालाच नाही म्हणता येत नाही.

वेळ राखून ठेवणाऱ्याकडून ३०० रुपये विसार घ्यायचा आणि तो बिलात वळता करायचा. आदल्या दिवशीपर्यंत कळवले तर परत, न कळवता आले नाही तर नाही. जमिनीच्या आणि मालाच्या सौद्यांत आपण विसार घेतो, मग वेळेच्या सौद्यात संकोच कशाचा?

आता आपल्या घरांतला सर्वांत नाजूक प्रश्न. "आपलीच सून आहे, पैसे काय घेतेस?" नणंदा, जावा, मामेबहिणी, शेजारच्या काकू. लग्नसराईत महिन्याला पाच-सहा सेट असेच जात होते, आणि तेही मुहूर्ताच्या दिवशी, जेव्हा पूर्ण पैसे देणारे गिऱ्हाईक परत जात होते. नात्यात हिशेब आणू नये, हे खरे. पण सासरे आपल्या दुकानातून नातेवाइकांना तांदळाचे पोते फुकट देत नाहीत. मग सुनेचे साडेतीन तास पोत्याहून हलके कसे? आम्ही असे ठरवले की महिन्यातून एकच सेट भेट म्हणून करायचा. त्याची पावती पूर्ण दराने फाडून खाली "सप्रेम भेट" लिहायचे. घेणाऱ्याला भेटीचे मोल कळते आणि देणारीलाही आपण काय दिले ते कळते. बाकी नातलगांना सवलतीचा दर. हा निर्णय सासूबाईंनी स्वतः सर्वांना सांगितला. त्यामुळे सुनेवर वाईटपणा आला नाही, हे विशेष.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांशी थेट निगडित आहे. बाजारात कृत्रिम केसांच्या डब्यांवर "मिंक" असे लिहिलेले असते. मिंक हा मुंगसासारखा एक प्राणी आहे, आणि खऱ्या मिंकच्या केसांच्या पापण्याही विकल्या जातात. आज वापरले जाणारे बहुतेक केस मात्र पीबीटी नावाच्या कृत्रिम धाग्याचे असतात. मिंक हे केवळ त्यांच्या मऊपणाचे नाव असते. भाचीने पुरवठादाराकडून माल पूर्ण कृत्रिम असल्याचे लेखी घेतले आणि आपल्या कार्डावर तसे छापले. त्या नावामुळे जास्त दर लावण्याची प्रथा तिने सोडून दिली. जे नाही त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

कराविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र उलाढाल पॅनप्रमाणे मोजली जाते. सुनेची पावती सासऱ्यांच्या नोंदणीकृत दुकानाच्या नावाने फाडली, तर तिच्या कामावरही कर लागेल. सौंदर्यसेवांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, पण त्यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून तिचे पावतीपुस्तक आणि बँक खाते तिच्याच नावाने वेगळे असावे. कराच्या सोयीसाठी ते हवेच. शिवाय आपली कमाई किती, हे तिला कोणाला न विचारता कळले पाहिजे.

पुढे काय झाले, तेही सांगतो. नवा दर लागू होण्याआधी भाचीने जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी कळवले. काही जणी रागावल्या. काही जणी दुसरीकडे गेल्या. पहिल्या महिन्यात वीसऐवजी चौदाच सेट झाले आणि बहिणीचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात काळजी होती. मी तिला वही काढायला सांगितली. चौदा सेटचे १६,१०० आले. साहित्य कमी लागल्याने खर्च १२,००० झाला. हाती उरले ४,१००. वीस सेट करून १,१०० उरत होते. सहा सेटचे एकवीस तास वाचले ते वेगळेच. त्या वेळात तिने सरावाच्या पुतळ्यावर हात बसवला आणि येणाऱ्या प्रत्येकीची चाचणी घेतली. त्यांपैकी एकीला चाचणीतच खाज आली. तिला तिने काम न करता परत पाठवले आणि त्या रात्री मला फोन करून सांगितले. एक सेट गमावल्याचा आनंद मी तिच्या आवाजात प्रथमच ऐकला.

चातुर्मासात आणि पितृपक्षात काम उतरेल, तेव्हा पुन्हा वही उघडावी लागेल. दर महिन्याची सरासरी वर्षभराची धरायची असते, लग्नसराईची नव्हे, हे आम्ही पहिल्या पानावरच लिहून ठेवले आहे.

ज्या मुलीचे डोळे सुजले होते, तिच्याकडे भाची आणि मी दोघेही गेलो. सेटचे पैसे, डॉक्टरांची फी आणि औषधांचा खर्च भाचीने आधीच दिला होता. तिच्या आईने आम्हाला पाणी दिले, पण फारसे बोलल्या नाहीत. निघताना मी एवढेच म्हणालो, "चूक हिची आहे, तशी माझीही आहे. भाव मी सांगितला होता." त्या माउलीला त्याचा संबंध कदाचित उमगला नसेल. परंतु दुकानाच्या गादीवर बसून दुसऱ्याच्या श्रमाला सल्ला देणाऱ्या आपल्यासारख्यांना तो उमगायला हवा, असे मला वाटते.

आपल्या घरातील कोणी मुलगी उद्या "दर किती ठेवू?" असे विचारत आली, तर लगेच आकडा सांगू नका. तिच्यासोबत वही घेऊन बसा. खोलीचे भाडे, मोडलेले दागिने, बाटलीची तारीख आणि तिचे तास, हे सगळे तिच्याकडूनच लिहून घ्या. त्यानंतर आकडा ती स्वतःच सांगेल.